मीटरचं तोंड कास्तकाराकडे : कापूस खरेदी केंद्रावरचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात दिवाळीनंतर हमीभावाचं कापूस खरेदी केंद्र सुरू होतं. गाडी काट्यावर चढण्याआधी तिथे कापसाचा ओलावा मोजणारा एक हंगामी कर्मचारी असतो. हे प्रकरण त्यांचं आहे. तालुक्याच्या गावी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात मी सकाळी योगवर्ग घेते, तिथे ते दोन उन्हाळ्यांपासून येतात. वर्गात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. नाव आणि गाव त्यांच्या इच्छेनेच वगळलं आहे. लिहून झाल्यावर सगळं त्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्याही सुचवल्या.

हे सविस्तर लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. योगाचा कामात काय उपयोग, असं विचारलं की "मन शांत राहतं" हे एकच उत्तर ऐकू येतं. ते खोटं नाही, पण फार तोकडं आहे. भाऊंच्या बाबतीत जे घडलं ते मनाच्या शांततेपुरतं राहिलं नाही. त्यांच्या कामाची पद्धत बदलली. कशी बदलली ते पायरीपायरीने पाहता येतं, म्हणून हे प्रकरण मला मोलाचं वाटतं.

काम काय असतं

कापसाची खरेदी जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. कास्तकार कापूस आणतो. कुणाची बैलबंडी, कुणाचा ट्रॅक्टर, बहुतेकांचा भाड्याचा पिकअप. आवाराबाहेर रांग लागते. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर धाग्याची लांबी, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस, काडीकचरा पाहतो. मीटरची सुई कापसात खुपसून ओलावा मोजला जातो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव मिळतो. तिथून १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक वाढीव टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते. १२ च्या वर आकडा गेला की कापूस घेतला जात नाही, गाडी परत जाते.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि मध्यम धाग्याचा ७,१२१. म्हणजे लांब धाग्याच्या १० क्विंटलच्या गाडीला मीटरवरचा एक टक्का साधारण साडेसातशे रुपयांना पडतो. त्या वर्षी खुल्या बाजारातले भाव बराच काळ हमीभावाच्या खाली होते, त्यामुळे केंद्रासमोरची रांग लांबच लांब. ११.९ आकडा आलेला माणूस काट्यावर जातो, १२.१ वाला खाजगी व्यापाऱ्याच्या दारात जातो, आणि या दोघांच्या मधे मीटर धरून एक माणूस उभा असतो. आकडा त्याने ठरवलेला नसतो, नियमही त्याचा नसतो. तरी समोरच्याला दिसतो तो तोच.

त्यात ओलावा ही गोष्टही सरळ नाही. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस ओला असतो. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा थर सकाळी दमट लागतो. दुपारी तोच थर उन्हाने सुकतो आणि आतला तसाच राहतो. सुई ज्या जागी खुपसली तिथला कापूस किती दाबलेला आहे, यावरही आकडा हलतो. एकाच गाडीत दोन जागी दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात. हे भाऊंना माहीत होतं, कास्तकारालाही माहीत होतं, आणि भांडणाचं मूळ नेमकं इथेच होतं.

भाऊ स्वतः कास्तकार. तीन एकर वावर आहे, पऱ्हाटीत म्हणजे कपाशीत तुरीची ओळ. त्यांचा कापूसही याच रांगेतून जातो. वेचणीच्या बायांना मजुरी दिल्यावर, औषधवाल्याची उधारी फेडल्यावर हातात काय उरतं याचा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगायला नको. हंगामात मीटर धरणं ही त्यांची वरकड कमाई.

मान दुखते म्हणून

ते वर्गाला आले ते मानेसाठी. योगाची ओढ वगैरे काही नव्हती. ट्रॉलीत वाकून वाकून मान आणि डावा खांदा धरला होता. रक्तदाब वाढलेला निघाला होता, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. घरच्यांचं गाऱ्हाणं वेगळं होतं. हंगाम लागला की भाऊ घरी कुणाशी धड बोलत नाहीत, बोललेच तर ओरडतात.

विदर्भात योग शिकायला पैसे लागत नाहीत, ही फार मोठी देणगी आहे. नागपूरच्या रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य वर्गांची जी रीत घालून दिली तिचा वारसा लहान गावांपर्यंत पोहोचला आहे. तिथे शिकून आलेल्या एका गुरुजींकडे मी शिकले आणि तशीच शिकवते. आमच्याकडे चटया आहेत, एक सतरंजी आहे, आणि पाच वाजता दार उघडणारा पुजारी आहे. भाऊंसारख्या माणसाला एवढं पुरतं.

रक्तदाबामुळे त्यांच्यासाठी काही गोष्टी सुरुवातीलाच बाजूला ठेवल्या. कपालभाती नाही, भस्त्रिका नाही, श्वास रोखून धरणं नाही, डोकं खाली जाईल असं आसन नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही निक्षून सांगितलं. उरलं ते साधंच: ताडासन, वृक्षासन, वक्रासन, भुजंगासन, थोडं पवनमुक्तासन, शवासन आणि शेवटी श्वासाकडे पाहत बसणं.

महत्त्वाची गोष्ट भुजंगासनात घडली. छाती उचलताना भाऊ खांदे कानापर्यंत ओढत, दात घट्ट आवळत आणि श्वास धरून ठेवत. उन्हाळाभर मी एकच सांगत राहिले, "भाऊ, दात सोडा." दात सोडले की खांदे आपोआप खाली येत आणि छाती आधीपेक्षा वर जाई. ताकद लागत होती तीच, फक्त नको तिथे खर्च होत होती.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. पहिल्यात आसन स्थिर आणि सुखाचं असावं असं सांगितलं आहे, दुसऱ्यात ते कसं साधतं ते. "प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्." यातल्या पहिल्या अर्ध्याचा आमच्या वर्गापुरता अर्थ असा: प्रयत्नातला जादा ताण काढून टाका. प्रयत्न सोडा असं पतंजली म्हणत नाहीत. भाऊंना हे सूत्र पाठ करून घेतलं नाही. त्यांना दात कळले, तेवढं पुष्कळ होतं.

दात

हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत भाऊ वर्ग संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "ताई, ते दात मी तिथंबी आवळतो."

ट्रॉलीवर चढून सुई खुपसली की त्यांचा जबडा आवळला जात होता, खांदे वर जात होते आणि श्वास अडकत होता. अगदी भुजंगासनात व्हायचं तसं. हे पूर्वीही होत असणार. आता ते दिसू लागलं होतं.

मला वाटतं, योगवर्गातून कामाच्या जागी पहिल्यांदा जर काही जात असेल तर ते हेच. शांतता नंतर. आधी जाते ती शरीराची खूण ओळखण्याची सवय. पतंजलींनी चित्ताला विखुरणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आणि लगेच पुढच्या सूत्रात त्यांचे सोबती सांगितले: दुःख, मनाची खंत, अंगाचा थरकाप, आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. चारांतले दोन सरळ शरीरातले आहेत. मन बिथरलं हे मनाला कळायच्या आधी हाताला आणि श्वासाला कळतं. रागाच्या बाबतीत याचा मोठा फायदा आहे. राग तोंडातून बाहेर पडल्यावर त्याच्याशी झुंजणं कठीण जातं, पण आवळलेले दात सोडणं कुणालाही जमतं.

पण दात सोडले म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. इथे थांबलो असतो तर भाऊ थोडे कमी ओरडले असते, एवढंच. मी त्यांना सांगितलं, दात आवळलेले लक्षात आले की सोडा, आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं ते वहीत लिहा. कोण चुकलं ते लिहू नका. फक्त आधी काय घडलं ते.

भाऊंनी मुलीची शाळेची वही घेतली. त्यात वेळ, मग "दात", मग एखादी ओळ. काही नोंदी त्यांच्या परवानगीने देते:

"सकाळी ११.२०. दात. मागून विचारलं किती आला."

"१२.०५. दात. फोन. अमक्याची गाडी आधी घे."

"१२.४०. दात. मागून, किती आला."

"२.३०. दात. काही झालं नाही. भूक."

"३.१०. मागून, खरं सांगा किती आला."

पंधरवड्याने आम्ही वही पुढ्यात घेऊन बसलो. ओलावा जास्त आला म्हणून भांडण होतं, अशी भाऊंची पक्की समजूत होती. वहीत तसं दिसत नव्हतं. दात बहुतेक वेळा आकडा सांगण्याआधीच आवळले जात होते, म्हणजे भाऊ मीटरकडे पाहत असताना, मागे उभ्या कास्तकाराला आकडा दिसत नसताना. मागच्या माणसाने "किती?" विचारलं की भाऊंना त्यात संशय ऐकू येई. उत्तर तुटक जाई. तुटक उत्तर ऐकून समोरच्याचा संशय पक्का होई. आकडा ९ असला तरी हेच व्हायचं.

बदललं ते काय

वही पाहून त्यांनी तीन गोष्टी केल्या. तिन्ही त्यांच्या डोक्यातून आल्या, मी फक्त विचारत होते.

पहिली, मीटरचं तोंड फिरवलं. सुई खुपसायची, आणि मीटर स्वतःकडे धरण्याऐवजी कास्तकाराकडे धरायचं. आकडा आधी त्याने वाचायचा, मोठ्याने. मग भाऊंनी लिहायचा. शिवाय तीन जागी मोजायचं, त्यातली एक जागा कास्तकार दाखवेल ती. याला दर गाडीमागे थोडा जास्त वेळ जातो. ग्रेडरसाहेबांना सुरुवातीला ते पटलं नाही, रांग वाढेल म्हणाले. भाऊंनी आठ दिवस मागितले. वेळ वाढला तो मोजण्यात, आणि त्याहून जास्त वाचला तो वादात. साहेबांनी मग पद्धत तशीच राहू दिली.

दुसरी गोष्ट जेवणाची. भाऊ तीन-साडेतीनपर्यंत चहावर राहत. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहार, युक्त विहार, कर्मात युक्त चेष्टा यांचा एकाच श्लोकात उल्लेख आहे. आपण तो श्लोक म्हणतो आणि उपाशीपोटी माणसांशी बोलायला उभे राहतो. सोबतच्या मापाऱ्याशी बोलून त्यांनी साडेबाराला पाळीपाळीने अर्धा तास सुटायचं ठरवलं. भाकर, भाजी, ठेचा, घरचंच. दोनच्या पुढच्या नोंदी वहीतून जवळजवळ गेल्या. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो आणि लोकांना सांगितला की तो कुणाला योगच वाटत नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण भाऊंच्या मनाला तीच सगळ्यांत जास्त लागली होती. नमुन्यासाठी काढलेला मूठभर कापूस टेबलाजवळ टाकला जाई आणि संध्याकाळपर्यंत तिथे बरीच रास साचे. तो कुणाचाच नसल्यासारखा जिनच्या ढिगात जाई. रविवारी आम्ही यम-नियम वाचत होतो, अस्तेयावर, म्हणजे चोरी न करण्यावर, आलो, तेव्हा भाऊ एकदम म्हणाले, "मग तो नमुन्याचा कापूस?" दुसऱ्या दिवसापासून मूठ पाहून झाली की ती ज्या गाडीची त्या गाडीत परत. त्या मुठीने कुणाचं घर चालत नाही. पण वेचणीला किलोमागे मजुरी मोजणाऱ्या माणसाला ती मूठ दिसत असते. एका म्हाताऱ्या कास्तकाराने हे पाहून नुसतीच मान डोलावली, असं भाऊंनी मला येऊन सांगितलं.

अवकाळीनंतरचा दिवस

खरी कसोटी डिसेंबरअखेर लागली. अवकाळी पाऊस आला, खरेदी बंद राहिली. केंद्र उघडलं तेव्हा गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. हवेत गारठा, कापूस दमट. त्या दिवशी बाराच्या वरचे आकडे एकामागून एक येत होते.

एका पिकअपमध्ये सहा क्विंटलच्या आसपास कापूस, सोबत एक वयस्कर मावशी आणि त्यांचा पुतण्या. पाऊस लागायच्या आधीपासून गाडी अडकलेली, भाडं चढतं. तीन जागी मोजलं, १२.८ च्या आसपास आलं. पुतण्या गाडीवर चढला आणि भाऊंचा हात धरला.

"काऊन बे, तुह्या मशीनले आमचाच कापूस वला दिसते का?"

भाऊ सांगतात, दात आवळले गेले ते स्पष्ट कळलं. पूर्वी इथे हात झटकून पोरगा खाली ढकलला गेला असता. त्यांनी श्वास सोडला, लांब. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना किंचित वाढते. लांब सोडलेल्या श्वासाने डोकं ताळ्यावर यायला मदत होते याचं हे एक शारीरिक कारण. त्या एका श्वासात भाऊंना आपला हात दिसला, मीटर घट्ट धरलेला. त्यांनी मीटर पोराच्या हातात दिलं.

"घे. तूच लाव. पायजे तिथं लाव."

पोराने लावलं. १२.६. दुसरीकडे लावलं, १२.९. तिसऱ्यांदा त्याने मीटर मावशींकडे दिलं आणि खाली बसला.

गोष्ट इथे संपवली तर चांगली दिसेल, पण ती इथे संपत नाही. आकडा मान्य झाला तरी कापूस ओलाच होता, भाडं चढतच होतं. मावशी म्हणाल्या, "बाप्पा, खरं हाय तुहं. पन मी आता नेऊ कुठं?"

याला उत्तर श्वासात नाही. भाऊंनी तेव्हा दुसरा विचार केला. बाराच्या वरची गाडी परत गेली की तिचा नंबर जातो, पुन्हा आली की रांगेच्या शेवटी. कुणी हा नियम म्हणून लिहिला नव्हता, तशी वहिवाट होती. ते ग्रेडरसाहेबांकडे गेले आणि विचारलं, आवारात मागच्या बाजूला जागा मोकळी आहे, ऊन पडलं आहे, ज्यांना वाळवायचं त्यांना वाळवू द्यायचं का? आणि त्याच दिवशी त्याच नंबरावर पुन्हा मोजायचं का? साहेबांनी जिनच्या मालकाला विचारलं. मालक तयार झाले. हमालांनी ताडपत्र्या आणल्या, कापूस पातळ पसरला, पुतण्या आणि दोन हमाल तो खालीवर करत राहिले. दुपारनंतर पुन्हा मोजलं तेव्हा ११.४.

कपात झालीच. ८ च्या वर ३.४ टक्के, म्हणजे क्विंटलला सुमारे २५६ रुपये कमी. लांब धाग्याला ७,२६५ च्या जवळपास भाव पडला. भाड्याचे जादा पैसे मावशींच्या अंगावरच पडले. ते कुणी भरून दिले नाहीत. पण कापूस हमीभावाच्या काट्यावर गेला आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, खात्यात जमा झाला.

त्या दिवशी अजून काही गाड्यांनी वाळवलं. काहींचा आकडा उतरला नाही, त्या गेल्या. एक जण भाऊंना बरंच काही बोलून गेला. भाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या गाडीवर चढले. रात्री झोप आली नाही, असंही त्यांनी सांगितलं. योग करणाऱ्याला त्रास होत नाही असा जो समज आहे तो मला मान्य नाही. ओला कापूस घेऊन परत गेलेल्या माणसाचा त्रास होणं हे भाऊंच्या माणूसपणाचं लक्षण आहे. फक्त तो त्रास त्यांनी पुढच्या कास्तकारावर काढला नाही.

जे जमलं नाही

वहीतली दुसरी मोठी नोंद फोनची होती. कुणाची तरी गाडी रांग मोडून आधी घ्या, असा निरोप. भाऊंनी गाडीच्या काचेवर खडूने नंबर टाकायची पद्धत सुरू केली, गेटवर फळा लावला, त्याने बराच फरक पडला. तरी निरोप येतात आणि काही वेळा गाडी आधी जाते. भाऊंनी मला विचारलं होतं, "तवा कोणता श्वास घेऊ?" मी म्हटलं, कोणताच नाही. तिथे श्वास सावरायचा तो "नाही" नीट म्हणता यावं म्हणून, आणि ते एकट्याने म्हणून भागत नसेल तर मापारी, हमाल आणि रांगेतले कास्तकार यांच्यासमोर म्हणायचं. नोकरी हंगामी असलेल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे, करणं कठीण, हे मला कळतं. म्हणून मी त्यांच्यावर जोर दिला नाही.

इथे माझं एक मत स्पष्ट सांगते. कामाच्या जागी योग आणायचा असेल तर तो अन्याय गिळायला शिकवण्यासाठी आणू नये. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना पतंजलींनी सांगितल्या, आणि दुसऱ्याच्या वाईट वागण्याविषयी उपेक्षा सांगितली, म्हणजे त्या माणसाविषयी मनात जळत राहू नका. रांग मोडली जात असेल तर तिकडे डोळेझाक करा, असा त्याचा अर्थ मी तरी लावत नाही. भाऊंच्या वहीने मीटर फिरवायला लावलं, जेवणाची वेळ ठरवायला लावली, वाळवणीची जागा मागायला लावली. व्यवस्थेतलं जे बदलण्याजोगं आहे ते दिसावं, यासाठीच ते निरीक्षण होतं. "हेयं दुःखमनागतम्", अजून न आलेलं दुःख टाळावं, हे सूत्र मला या प्रकरणात सगळ्यांत जवळचं वाटतं ते यामुळे.

धुळीचंही बोलायला हवं. सुरुवातीच्या उत्साहात भाऊ दुपारी आवारातच खोल श्वसन करत आणि इतरांनाही शिकवत. कळल्यावर मी ते लगेच थांबवलं. जिनच्या आवारात रुईचे तंतू आणि बारीक धूळ सतत हवेत असते. कापसाच्या धुळीने फुफ्फुसांचा बिसिनोसिस नावाचा आजार होतो आणि जिनिंग, सूतगिरणीतल्या कामगारांना त्याचा धोका असतो. अशा हवेत मुद्दाम खोल श्वास ओढणं म्हणजे धूळ आत घेणं. प्राणायाम पहाटे, देवळात. आवारात तोंडाला दुपट्टा किंवा मास्क, आणि लांब सोडायचा तो नेहमीचाच श्वास. पाठीसाठीही असंच. ट्रॉलीत वाकताना कंबरेतून न वाकता गुडघे मोडून बसायचं, आणि चढायला लाकडी स्टूल. स्टूल यायला महिना लागला. तोवर वक्रासनाने जेवढा आराम मिळायचा तेवढाच मिळाला.

मानेचं दुखणं कमी झालं. रक्तदाब आटोक्यात आहे, पण त्यातला गोळीचा वाटा किती, जेवणाचा किती आणि आसनांचा किती, हे कुणी वेगळं करून सांगू शकणार नाही, आणि मी ते सगळं योगाच्या नावावर जमा करणार नाही. घरच्यांचं म्हणणं मात्र मी महत्त्वाचं मानते. भाऊंच्या पत्नी वर्गाला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आता हे घरी आल्यावर गाडी लावून दारातल्या निंबाखाली थोडं बसतात आणि मग आत येतात. हे कुणी शिकवलं, असं मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, कुणीच नाही. शवासनातून एकदम उठायचं नाही हे वर्गात ऐकलं होतं, तेच.

पुढच्या हंगामात

२०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० झाला, आणि खरेदीच्या पद्धतीतही बदल आला. विक्रीआधी मोबाईलवर 'कपास किसान' ॲपमध्ये नोंदणी आणि दिवस ठरवणं सुरू झालं. गेटवरची रांग त्यामुळे आखडली, पण भांडण गेटवरून मोबाईलवर सरकलं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही, आधारचा मोबाईल नंबर बदललेला आहे, जमीन बापाच्या नावावर आणि कसतो मुलगा, अशी माणसं आता मीटरपर्यंत पोहोचतच नाहीत. ती गेटवर भाऊंना गाठतात.

भाऊंनी नवी वही केली आहे. तिच्यातल्या पहिल्या पानांवर "किती आला" जवळपास नाही. तिथे "दात. नोंदणी होत नाही म्हणतो" हेच पुन्हा पुन्हा आहे. या वेळी तोडगा मीटर फिरवण्याइतका सोपा नाही, कारण अडचण केंद्राच्या हातात नाही, ती आहे गावातल्या ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून करायच्या पिकाच्या नोंदीत, आणि कागदांत. आम्ही दोघांनी आत्तापर्यंत एवढंच ठरवलं आहे: पुढच्या खरिपात, पाहणीची मुदत सुरू असतानाच, वर्गाला येणाऱ्या आठ-दहा गावांच्या लोकांनी आपापल्या गावात सामुदायिक प्रार्थनेनंतर थांबून कुणाची नोंद राहिली ते विचारायचं. यादी भाऊ करणार आहेत, आणि ज्यांच्याकडे साधाच फोन आहे त्यांच्यासाठी वर्गातल्या दोन कॉलेजच्या मुली वावरात जाऊन फोटो काढून नोंद करून देणार आहेत.